सहाशे तेरावा खुलासा

मिलबर्न, ओहायो
४ फेब्रुवारी १९७४

एलिडा,

माझं अक्षर पाकिटावर दिसलं असतं तर हे पत्र थेट चुलीत गेलं असतं, म्हणून ते मारितच्या पाकिटातून पाठवते आहे. लेकीचं पाकीट कुठलीही आई जाळत नाही. तिच्यावर चिडू नकोस. मीच तिला गळ घातली.

आठ वर्षांनी लिहिते आहे, त्यामुळे हवापाणी, पीक, चर्चचं नवं छप्पर, काहीच विचारत नाही. तो हक्क मी गमावला. मुद्द्याचं सांगते. मारितचा फोन आला होता. म्हणाली, कापणीपासून तुझा खोकला थांबलेला नाही. निळ्या झग्याची शिवण दोनदा आत घेतलीस. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना किटली खाली ठेवून भिंतीला टेकलीस, आणि कुणी विचारलं तर म्हणालीस, "जिन्याने दम लागला." त्या जिन्याला सहा पायऱ्या आहेत, एलिडा. लहानपणी आपण त्या एका उडीत उतरायचो.

हालवर क्षयाने गेला. त्याच्याबरोबर एका घरात, एका बिछान्यात तू राहिलीस. तेव्हा काउंटीच्या नर्सने तुला एकदा तपासलं आणि साफ निघालीस. पण असा रोग दहा-दहा वर्षं गप्प बसून मग डोकं वर काढतो. म्हणून ती दरवर्षी तुला कार्ड पाठवते आणि तू त्या कार्डाने चूल पेटवतेस. हेही मारितनेच सांगितलं.

छातीचा फोटो काढ असं मी म्हणत नाही. एवढंच कर की नर्सला फोन करून तिचे वार कुठले ते विचार. नुसतं विचार. बाकी तुझी मर्जी.

सिग्ने


मिलबर्न
१९ फेब्रुवारी

एलिडा,

तुझं उत्तर आलं. आठ वर्षांत पाच ओळी आल्या, त्याही किराण्याच्या यादीच्या पाठीवर. तरी त्या मी इतक्यांदा वाचल्या की पुढची पीठ-साखरसुद्धा पाठ झाली. तू लिहिलंस:

"विद्यापीठातली हुशारी माझ्यावर चालवू नकोस. आधी बोट मागायचं आणि मग हात धरायचा, हे तू सायीसाठी आईवर करायचीस. हालवर सांगायचा, फुफ्फुस उशीच्या जुन्या अभ्र्यासारखं असतं, दर फोटोला थोडं विरतं. सॅनेटोरियममध्ये दर आठवड्याला त्याचे फोटो काढले आणि माझ्या डोळ्यांदेखत तो विरून गेला. तो चुकला नव्हता. मी जाणार नाही."

बोटाचं बरोबर ओळखलंस. ती युक्तीच होती. आधी लहानशी गोष्ट मागावी, ती दिली की माणूस मोठीला सहसा नाही म्हणत नाही. आमच्या धंद्यात याला नाव आहे, तक्ते आहेत. माझं आयुष्य त्यात गेलं. माणसाचं मत कशाने बदलतं, भीतीने की आकड्यांनी, बोलणाऱ्याच्या कोटाने की आवाजाने, हे मोजत मी बत्तीस वर्षं काढली. आणि सख्ख्या बहिणीला एक जिना चढून नर्सच्या खोलीत पाठवता येत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तुझं उत्तर आल्यापासून सहा पत्रं लिहिली आणि फाडली. एका पत्रात तुला घाबरवलं होतं. ते वाचून तू आणखी आत कडी लावून घेतली असतीस, हे मला तक्त्याशिवायही कळतं. एकात "तुझंही खरं आहे, पण" असं गोड सुरू केलं होतं. एकात मारितला पुढे केलं होतं, तिची शाळा, तिच्या वर्गातली पोरं, तुझ्या खोकल्याशेजारी बसून रविवारी जेवणारी ती. हे शेवटचं खरं आहे. तरी फाडलं, कारण ते खरं आहे म्हणून मी लिहिलं नव्हतं, ते लागू पडेल म्हणून लिहिलं होतं.

त्या अभ्र्याच्या वाक्याबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. या पत्रात होत नाही.

सिग्ने


मिलबर्न
६ मार्च

एलिडा,

बसून वाच. मारित घरी असेल तर तिला बसवून घे.

ते वाक्य हालवरचं नाही, माझं आहे.

आईचे ते निळ्या काठाचे अभ्रे आठवतात? धुऊन धुऊन इतके विरले होते की दिव्यापुढे धरले तर आपली बोटं पलीकडून दिसायची. तू त्यातून माझ्याकडे बघून जीभ काढायचीस. हालवरने ते अभ्रे कधी पाहिलेच नाहीत. तुमच्या लग्नाआधी आईने त्यांची फडकी केली होती. मग हे वाक्य त्याच्या तोंडी कुठून आलं, असं तुला इतक्या वर्षांत एकदाही कसं वाटलं नाही? मी दोष देत नाही. माणूस ऐकलेलं लक्षात ठेवतो, कुणाचं ते विसरतो. हेसुद्धा मी मोजलेलं आहे.

तेव्हा आमचे मुख्य डॉ. व्हिटकॉम्ब होते. त्यांना असा विषय हवा होता की ज्यावर कुणी कधी वाद घातलेला नाही. देवावर, मतदानावर, बायकोवर लोक जन्मभर भांडतात, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. पण दरवर्षी छातीचा फोटो काढावा, याला त्या काळात कुणी नाही म्हटलं नव्हतं. म्हणून त्याच्या बाजूने काय बोलायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या किल्ल्यावर कधी हल्लाच झाला नाही, तो एका धक्क्यात पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. पुढे अशा माणसांना आधीच सावध कसं करावं, हे शोधायचं होतं. हेतू वाईट नव्हता. आमच्याकडे कुणाचाच हेतू कधी वाईट नसतो.

हल्ला मी लिहिला. साडेपाच मिनिटांचा. त्यात एक डॉक्टर बनवला, त्याला नाव दिलं, आकडे दिले. एकही शब्द खरा नव्हता. "तुमचं फुफ्फुस धुऊन धुऊन विरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं होत जातं." हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी खूश होऊन दुपारी ॲपल-पाय खाऊन आले होते.

आधी ते डॉ. व्हिटकॉम्बनी स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केलं. मुलं ऐकताना एकमेकांकडे बघून हसली. प्रोफेसर काहीतरी शिकवू बघतोय हे त्यांना लगेच कळलं. साधा, संथ, गावाकडचा आवाज हवा होता. आणि नेमके त्याच नोव्हेंबरात, मका आत गेल्यावर, तुम्ही दोघं आठ दिवसांसाठी माझ्याकडे आलात.

तू माझ्या ओट्यावर बटाटे किसून लेफ्सेच्या पोळ्या लाटत बसलीस. हालवरला करमेना. गल्लीतली झाडं मोजून झाली होती त्याची. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर, एक काम आहे." तो रविवारचा कोट घालून आला. जाड पडद्यांची ती बारकी खोली बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, इथून देवाला तरी ऐकू जातं का?" चर्चमध्ये वीस वर्षं तोच बायबल वाचायचा, त्यामुळे वाचायला त्याला काही शिकवावं लागलं नाही. पहिल्यांदा वाचून झाल्यावर सवयीने "आमेन" म्हणाला. काचेपलीकडे आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. तोही हसला. मग आणखी तीनदा वाचलं, दर वेळी जास्त चांगलं. चौथ्यांदा तर असं वाटलं की हा माणूस हे स्वतःच्या मनातलं सांगतो आहे.

तो आवाज आम्ही सहाशे बारा विद्यार्थ्यांना ऐकवला.

आमचा एक नियम आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. प्रयोग संपला की प्रत्येकाच्या हाती एक कागद द्यायचा. त्याला आम्ही खुलासा म्हणतो. तुम्ही ऐकलंत ते सगळं आम्ही रचलेलं होतं, खरं असं असं आहे, कृपया छातीचा फोटो नियमित काढा. खाली सही घ्यायची. सही केल्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडायचं नाही. दाराशी मी स्वतः उभी असायचे. सहाशे बारा सह्या माझ्याकडे अजून आहेत.

ऐकणाऱ्यासाठी कागद होता. वाचणाऱ्यासाठी नव्हता. कुणाला सुचलंच नाही. हालवर आमच्या लेखी माणूस नव्हता, आवाज होता.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की त्याच वर्षी शेजारच्या खोलीत आमचा दुसरा प्रयोग चालू होता. एखादी गोष्ट ऐकणाऱ्यापेक्षा ती मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला जास्त पटते, असं त्यात निघालं. त्याचा तक्ता मी हाताने काढला, शाईने, आणि चौकट करून भिंतीवर लावला. रोज त्याच्याखाली बसून डबा खायचे.

पुढच्या तीन उन्हाळ्यांत एक्स-रेची गाडी तुमच्या नॉर्डबी गावात धान्याच्या कोठारापाशी येऊन उभी राहिली आणि हालवर तीनदा तिच्यासमोरून ट्रॅक्टर घेऊन गेला. चौथ्या हिवाळ्यात रक्त पडलं. सॅनेटोरियममध्ये फोटो काढले म्हणून तो गेला नाही. तीन वर्षं काढले नाहीत म्हणून गेला.

त्याच्या मातीच्या दिवशी, तळघरात, सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं होतं, "गाडी दारात येत होती, एलिडा. त्याला अडवलं कुणी?" तू म्हणालीस, "त्याला ठाऊक होतं. अभ्र्यासारखी विरतात म्हणायचा. आणि विरलीच ना?" मी कप तसाच ठेवून बाहेर पडले, ते थेट स्टेशनवर गेले. तू समजलीस, बहिणीला आपल्या अडाणीपणाची लाज वाटली. सगळं गाव तसंच समजलं. मी समजू दिलं. त्या क्षणी मला माझं वाक्य ऐकू आलं होतं, आणि तिथे उभं राहायची माझ्यात धमक नव्हती. आठ वर्षं तू मला गर्विष्ठ समजत होतीस आणि ते मला सोयीचं होतं.

त्याने कधी त्या मजकुराबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

सिग्ने


मिलबर्न
१५ मार्च

एलिडा,

तुझं उत्तर नाही. मारित सांगते की तू पत्र वाचलंस, घडी घातलीस, पिठाच्या डब्यामागे ठेवलंस आणि अंडी गोळा करायला गेलीस. परत आलीस ती रिकामी टोपली घेऊन.

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे.

त्याने विचारलं होतं. तुम्ही परत निघालात त्या सकाळी स्टेशनवर तू वर्तमानपत्र घ्यायला गेलीस. त्याने खिशातून हात काढला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, ते अभ्र्याचं खरं का गं?" मी म्हटलं, "आत्ता सांगायची बंदी आहे. प्रयोग संपला की वसंतात कळवीन." बंदी खरोखर होती. बाहेर गोष्ट फुटली तर आकडे बिघडतात. तो हसला. म्हणाला, "बंदी आहे म्हणजे खरंच असणार." मीही हसले. गाडी आली. वसंतात सहाशे बारा कागद वाटले आणि एक पत्र लिहायचं राहिलं.

राहिलं म्हणजे विसरले. बरं कारण शोधण्यात आठ वर्षं घालवली. दुसरं कारण नाही.

आणखी एक आहे. हे लिहिलं नाही तर वरचं सगळं फुकट जाईल.

चौथ्या वाचनात, जे सगळ्यात चांगलं झालं, त्यात तो मध्येच खोकला. फार नाही. दोनदा, कोरडा. मी काचेतून विचारलं, "पाणी देऊ?" तो म्हणाला, "मक्याची धूळ आहे. नाताळपर्यंत जाते." पुन्हा पहिल्यापासून वाचायला मला सांगवेना, कारण असं वाचन परत मिळालं नसतं. म्हणून तुम्ही गेल्यावर मी टेप मेजावर पसरली, तो खोकला पुन्हा पुन्हा ऐकला, अगदी कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते खुणेने नक्की केलं, पात्याने तेवढी पट्टी कापली आणि दोन टोकं चिकटवली. बोटभर लांबीची पट्टी होती. कचऱ्याच्या टोपलीत टाकली. जोड इतका सफाईदार झाला की डॉ. व्हिटकॉम्बनी माझी पाठ थोपटली.

त्याचा खोकला सगळ्यात आधी मी ऐकला, एलिडा. तुझ्याही आधी, कारण तू रोज ऐकत होतीस आणि मी त्या दिवशी कान देऊन ऐकला. आणि कापला.

ही टेप सोबत पाठवते आहे. विद्यापीठाच्या कपाटातून मी ती आणली, परवानगी विचारली नाही. तुझ्याकडे त्याचा आवाज नाही हे मला माहीत आहे. तुमच्या घरी कधी यंत्रच नव्हतं. आवाज आहे पण शब्द ते आहेत, याला माझा इलाज नाही. त्याचं वाचन संपल्यावर थोडी जागा रिकामी सोडून मी माझ्या आवाजात खुलासा वाचला आहे. तेव्हाचाच मजकूर, फक्त "विद्यार्थी" या शब्दाच्या जागी त्याचं आणि तुझं नाव घेतलं. ऐकायचा की नाही ते तू ठरव. सोबत तो कागदही आहे. सहीसाठी दोन ओळी आखल्या आहेत.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, फोटो काढ म्हणत नाही. म्हणते. जा. यात कुठलीही युक्ती नाही. तू मला पुन्हा कधी दारात उभी केली नाहीस तरी चालेल. मला तू जिवंत हवी आहेस. हा रोग आता गोळ्यांनी बरा होतो. हालवरच्याही वेळी झाला असता.

सिग्ने


नॉर्डबी
२६ एप्रिल

सिग्ने,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा सरळ सांगते.

टेप मारितच्या शाळेतल्या यंत्रावर ऐकली. तिने यंत्र घरी आणलं, लावून दिलं आणि मी म्हटलं, आता जा. हालवर वाचायला लागला. मी उभीच होते, मग बसले. शब्द काय आहेत इकडे पहिल्यांदा माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्यांदा होतं. तो किती छान वाचतो गं. असा वाचला तर मीसुद्धा विश्वास ठेवला असता, आणि ठेवलाच.

तो थांबला की मी यंत्र बंद करायची. तुझा आवाज मला त्या खोलीत नको होता. असं तीन आठवडे केलं. मग एकदा अंड्यांच्या टोपलीने हात अडकले होते, बंद करायला पोचले नाही, आणि तू बोलायला लागलीस. त्याचं नाव घेतलंस तेव्हा तुझा आवाज फाटला. तिथे तू पातं का नाही चालवलंस?

मंगळवारी गेले होते. नर्स म्हणाली, श्वास घ्या, धरून ठेवा. मी धरला. डाव्या बाजूला डाग आहे. गोळ्या दिल्या आहेत, दीड वर्ष घ्यायच्या. मारितचा फोटो साफ आला. तू सांगितलंस म्हणून मी गेले असं समजू नकोस. तो गाडीसमोरून तीनदा गेला, मला त्याच्या वतीने एकदा तरी आत जायचं होतं.

कागदावर माझ्या ओळीत सही केली आहे. त्याच्या ओळीत केलेली नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर सही कशाची?

माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. उन्हाळ्यात आलीस तर मागच्या दाराने ये, पुढचं फुगलंय, उघडत नाही.

आणि तुझा जोड सफाईदार नाही. तू फुशारकी मारलीस, पण मी त्या खोकल्याशेजारी एकोणीस वर्षं झोपले आहे. "उशीच्या" म्हणून झाल्यावर आणि "अभ्र्यासारखं" म्हणायच्या आधी तो श्वास घेतो आणि पुढे काहीच येत नाही. मी दर वेळी तिथे यंत्र थांबवते आणि तो खोकेल म्हणून वाट बघते.

एलिडा